हाडांच्या दवाखान्यात चौदा वर्षं, आणि परीक्षेत बाळाचा खोकला

२०२४ च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला मामेबहिणीकडे गेलो होतो. रविवारची सकाळ होती. मामी पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि ताई डायनिंग टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मी सहज डोकावलो तर तिने लॅपटॉप चटकन फिरवला. "बघू नकोस. दाखवायला बंदी आहे."

"अगं, नोकरीला चौदा वर्षं झाली तुझ्या," मामी ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाली, "अजून कसल्या परीक्षा?"

मामीचा हा प्रश्न अमेरिकेत गेली दहा वर्षं गाजतोय. त्यावरून संघटना भांडल्या, एका राज्यात प्रकरण गव्हर्नरच्या नकाराधिकारापर्यंत गेलं. शेवटी परीक्षेचं रूपच बदललं आणि ती डायनिंग टेबलापर्यंत येऊन पोचली.

ताई पीए आहे. पीए म्हटलं की आपल्याला मंत्र्याच्या केबिनबाहेर बसून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगणारा माणूस आठवतो. हा पीए वेगळा. फिजिशियन असिस्टंट. डॉक्टर नाही, नर्स नाही आणि कंपाउंडर तर मुळीच नाही. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा मास्टर्सचा अभ्यासक्रम करून हे लोक डॉक्टरांच्या जोडीने काम करतात. पेशंट तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, ऑपरेशनमध्ये सर्जनसमोर उभे राहून मदत करतात. अमेरिकेत त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली आहे. तिथे दवाखान्यात गेलात तर तुम्हाला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नसून पीए असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'असिस्टंट' काढून 'असोसिएट' म्हणायचं ठरवलं, त्यावरून डॉक्टरांची नाराजी झाली, पण तो वेगळाच तमाशा आहे.

हा पेशा जन्माला आला तो टंचाईतून. १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जवानांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. या मुलांनी लष्करात जखमा शिवल्या होत्या, तापाचे पेशंट सांभाळले होते, पण नागरी आयुष्यात त्या अनुभवाला कागदी किंमत शून्य होती. डॉक्टर कमी होते आणि हाताशी तयार माणसं होती. चारातले तिघं १९६७ मध्ये पास होऊन बाहेर पडले. मग प्रश्न आला की यांना काम येतं याची खात्री लोकांना कोण देणार? १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर पहिली परीक्षा झाली आणि पुढे त्यासाठी एक स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली. तिचं लांबलचक नाव नॅशनल कमिशन ऑन सर्टिफिकेशन ऑफ फिजिशियन असिस्टंट्स. आपण नुसतं 'कमिशन' म्हणू. तिची परीक्षा पास झालात की नावापुढे 'पीए-सी' लावता येतं. त्यातला 'सी' म्हणजे सर्टिफाइड, आणि सगळं रामायण त्या एका अक्षराचं आहे.

'सी' एकदा मिळाला की जन्मभर पुरत नाही. दर दोन वर्षांनी १०० तासांचं चालू शिक्षण, म्हणजे नोकरी करता करता परिषदा, व्याख्यानं वगैरेंतून घेतलेलं शिक्षण, झाल्याचं दाखवावं लागतं. त्यातले निम्मे तास मान्यताप्राप्त कार्यक्रमांचेच हवेत. शिवाय ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा. पूर्वी ती दर सहा वर्षांनी असायची. २०१४ पासून दहा वर्षांचं चक्र सुरू झालं. परीक्षा केंद्रावर जायचं, पिशवी-मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचे आणि चार तासांत २४० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. फी ३५० डॉलर. गाईड, क्लास आणि बुडालेल्या रजा वेगळ्या.

आता यात भांडण कशाचं? ताई ऑर्थोपेडिक्समध्ये आहे. सोमवार ते शुक्रवार गुडघे, खुबे, मनगटं. तिच्या परीक्षेतला खरा प्रश्न मला दिसला नाही, म्हणून त्याच जातीचा एक मी रचतो. 'दोन वर्षांच्या मुलाला रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला सुरू झाला. सौम्य ताप आहे, रडताना श्वास आत घेताना घर्रकन आवाज येतो, शांत असताना येत नाही. काय द्याल? अँटिबायोटिक, दम्याचं औषध, स्टेरॉइडचा एक डोस की अ‍ॅलर्जीची गोळी?' बालरोग विभागातला पीए झोपेतसुद्धा सांगेल की हा क्रूप आहे, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस द्या. ताईने शेवटचं असं बाळ बघितलं ते शिकत असताना. आणि ज्यात ती रोज बुडालेली असते त्या हाडांवरचे प्रश्न पेपरात मूठभर.

चिडणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. मी जे करते ते विचारा, जे आयुष्यात पुन्हा करणार नाही ते का विचारता? महिनाभर रात्री जागून क्रूप, थायरॉइड, गरोदरपणातला रक्तदाब असं सगळं घोकायचं, पेपर लिहायचा आणि आठवड्यात विसरायचं. आपल्या दहावीच्या इतिहासासारखं. बरं, त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत तसंच काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या नर्सला, ही परीक्षा नाही. तिने पाच वर्षांत १,००० तास पेशंट बघितले आणि १०० तास शिक्षण घेतलं की प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं. तिला हवी तर परीक्षेची वाटही आहे, पण सक्ती नाही. पीएंना ही तुलना सगळ्यात जास्त झोंबते, आणि मला वाटतं ते रास्त आहे.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती पीए लोक भांडताना सोयीने विसरतात. अमेरिकेत डॉक्टर एकदा हाडांचा झाला की हाडांचाच. त्याला उद्या त्वचारोगात जायचं असेल तर पुन्हा काही वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं त्या शाखेचं प्रशिक्षण, आली. पीएचं तसं नाही. ताईने मनात आणलं तर पुढच्या महिन्यात ती आपत्कालीन विभागात नोकरी धरू शकते. नवी पदवी लागत नाही, नवी रेसिडेन्सी नाही. घेणारा तयार हवा आणि शिकवणारा डॉक्टर हवा. खूप जण या पेशात येतात तेच या मोकळीकीसाठी. मुलं लहान असताना क्लिनिकमधली नऊ ते पाच, मोठी झाल्यावर ऑपरेशन थिएटर. आता ही मोकळीक कशावर उभी आहे? 'या माणसाला सगळ्यातलं मूलभूत येतं' या एका वाक्यावर. ते वाक्य तपासायचं तर सगळ्यातलंच विचारावं लागणार. बाळाच्या खोकल्याचा प्रश्न ताईला खटकतो, पण उद्या ती बालरोग विभागात अर्ज करणार असेल तर त्या बाळाची आई तिला तोच प्रश्न विचारील.

ही गाठ किती घट्ट आहे ते २०१५ च्या शेवटी कळलं. कमिशनने प्रस्ताव मांडला की दहा वर्षांच्या काळात मूलभूत ज्ञानाच्या परीक्षा घरबसल्या द्या आणि दहाव्या वर्षी केंद्रावर जाऊन आपापल्या शाखेची परीक्षा द्या. दहा-बारा शाखा ठेवू, त्यातली एक निवडा. वरवर बघता चिडणाऱ्यांचीच मागणी मान्य झाली होती. हाडांवाल्याला हाडं विचारू, झालं समाधान? उलट आग्यामोहोळ उठलं. कारण शाखेची परीक्षा आली की शाखेचा शिक्का आला. मग हॉस्पिटलं विचारणार, 'तुमचं प्रमाणपत्र ऑर्थोचं, आमच्याकडे हृदयरोगाची जागा आहे, कसं जमणार?' ज्यांचं काम दोन-तीन शाखांत विभागलंय त्यांनी कोणता पेपर निवडायचा? खेड्यातल्या क्लिनिकमध्ये सगळंच बघणाऱ्याचं काय? राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे पीएंच्या अकॅडमीने, जाहीर विरोध केला. प्रकरण इतकं चिघळलं की कमिशनला पर्याय म्हणून दुसरी प्रमाणपत्र संस्था काढावी का, यावर अकॅडमीत गंभीरपणे विचार सुरू झाला. २०१६ च्या अखेरीस कमिशनने शाखेच्या परीक्षेचा प्रस्ताव मागे घेतला.

म्हणजे पीएंना सगळ्यातलं विचारलेलं नको होतं आणि एकातलंच विचारलेलंही नको होतं. कुणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्यांचा खरा राग प्रश्नपत्रिकेवर नव्हताच. तो कागद हातातून गेला तर काय होतं, त्यावर होता.

ही गंमत नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत काम करायचा परवाना राज्य सरकार देतं. प्रमाणपत्र देते ती खासगी संस्था. दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यांदा परवाना काढताना कमिशनची परीक्षा पास असावी लागते, त्यावर फारसा वाद नाही. पण काही राज्यांनी पुढे जाऊन असा नियम केला की परवान्याचं नूतनीकरण करतानाही प्रमाणपत्र चालू असलं पाहिजे. जिथे कायदा असं म्हणत नाही, तिथेही नोकरी देणारी हॉस्पिटलं ते मागू शकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आरटीओने लायसन्स द्यायचं, पण रिन्यू करताना म्हणायचं की अमुक एका ड्रायव्हिंग स्कूलचा चालू दाखला आणा. त्या स्कूलची फी किती, चाचणीत काय विचारायचं, किती वर्षांनी बोलवायचं, हे सगळं स्कूल ठरवणार. स्कूल कितीही प्रामाणिक असलं तरी वीस वर्षं अपघात न करता गाडी चालवणारा माणूस वैतागणारच. परीक्षा घेणाऱ्याचंच उत्पन्न परीक्षेवर चालतं, हा टीकाकारांचा आक्षेपही इथूनच येतो.

म्हणून लढाई राज्यांच्या विधिमंडळांत गेली. अकॅडमीचं म्हणणं, नूतनीकरणाला चालू शिक्षण पुरे, प्रमाणपत्राची अट काढा. कमिशनचं म्हणणं, अट काढलीत तर लोकांच्या सुरक्षेचं काय? २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात अट काढणारं विधेयक मंजूर झालं आणि गव्हर्नर जिम जस्टिस यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. एकाच पेशाच्या दोन संस्था आमदारांसमोर परस्परविरोधी साक्षी देतायत, हे दृश्य कुणालाच शोभलं नाही.

मग मुळातला प्रश्न. परत परीक्षा घेतल्याने पेशंटचं भलं होतं का?

याचं उत्तर जितकं ठासून दोन्हीकडून दिलं जातं, तितका पुरावा कुणाकडेच नाही. डॉक्टरांमध्येही हेच भांडण आहे आणि तिथे थोडा अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या अंतर्गत वैद्यक शाखेच्या (इंटर्नल मेडिसिन, म्हणजे आपल्याकडचे फिजिशियन) डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाने १९९० पासून नव्यांना मुदतीचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्यांना जन्मभराची सूट मिळाली. संशोधकांना आयतेच दोन गट मिळाले, एक परत परीक्षा देणारा आणि एक न देणारा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात असे दोन अभ्यास आले. एकात टाळता येण्याजोग्या कारणांनी पेशंट हॉस्पिटलात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, फक्त खर्चाची वाढ किंचित कमी निघाली. दुसऱ्यात, माजी सैनिकांच्या चार हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांच्या कामाचे दहा निकष तपासले, तिथेही फरक नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्या बोर्डाचे प्रमुख रिचर्ड बॅरन यांनी डॉक्टरांची जाहीर माफी मागितली. परीक्षेबद्दल नव्हे, तिच्याभोवती रचलेल्या जास्तीच्या अटींबद्दल. पण त्या माफीने पीएंच्या वादातही हवा भरली.

आता उलट्या बाजूचा पुरावा. २००५ मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. निम्म्याहून अधिक अभ्यासांत डॉक्टरांची प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तशी कामाची गुणवत्ता घसरताना दिसली. अनुभवी माणूस चांगलाच, पण जे शिकला तेच तो वर्षानुवर्षं करत राहतो आणि मधल्या काळात शास्त्र पुढे सरकतं. पुढच्या वर्षीच्या आणखी एका आढाव्यात कळलं की आपल्याला काय येत नाही याचा अंदाज डॉक्टरांना स्वतःहून फारसा बांधता येत नाही. मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण 'आम्ही वर्षाला ५० तास शिकतो, परीक्षा कशाला' या म्हणण्यात एक भोक आहे. माणूस आवडीचं शिकतो. हाडांची पीए हाडांच्याच परिषदेला जाणार. आणि परिषदेत शिकणं कसं असतं ते आपल्यालाही ठाऊक आहे. सकाळी सही, फुकटची बॅग आणि पेन, दुपारी जेवणाला झुंबड, जेवणानंतरच्या सत्रात मागच्या रांगा पेंगतायत. तास भरतात. डोकं भरलं का, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची व्यवस्था नेमकी अशी तासांवर उभी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी चालू शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण लागतात. परत परीक्षा नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पीएची कटकट ऐकून आपल्याला हसू येईल, पण आपला डॉक्टर २० वर्षांपूर्वीचंच औषध लिहितोय की नवं, हे आपल्यालाही कुठून कळतं? फिजिशियन असिस्टंट हा पेशाही भारतात आहे. १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये त्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात त्याची दखल घेतली गेली. त्यांच्या नोंदणीची घडी आत्ता कुठे बसते आहे. नूतनीकरण कशावर करायचं, हे ठरवणाऱ्यांनी अमेरिकेतला हा गोंधळ बघून घेतला तर बरं.

तर अमेरिकेत तोड काय निघाली? कमिशनने २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं एक प्रयोग केला. १८ हजारांहून अधिक पीएंनी त्यात भाग घेतला. तो जमला म्हणून २०२३ पासून कायमचा पर्याय आला, आणि ताई टेबलावर बसून सोडवत होती तो हाच. चक्राच्या सातव्या वर्षापासून दर तिमाहीला २५ प्रश्न. घरी बसून, हव्या त्या वेळी, एक एक करत. प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटं. पुस्तक उघडा, इंटरनेटवर शोधा, सगळी मुभा. फक्त दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही आणि प्रश्न बाहेर सांगायचा नाही. उत्तर टिचकवलं की लगेच कळतं बरोबर की चूक, का, आणि कुठे वाचायचं. जास्तीत जास्त बारा तिमाह्या. त्यातल्या उत्तम आठ धरतात. घरात बाळंतपण आलं, आजारपण आलं, एखादी तिमाही बुडाली, तरी आभाळ कोसळत नाही. आणि यात नाहीच जमलं तर दहाव्या वर्षी केंद्रावरच्या जुन्या परीक्षेचा रस्ता खुला आहे. दरम्यान प्रश्नही थोडे सुधारले. दुर्मिळ आजारांत 'ओळखा आणि योग्य ठिकाणी पाठवा' इतकंच अपेक्षित धरलं जातं.

पुस्तक उघडायला दिलं म्हणजे परीक्षा लुटुपुटुची झाली, असं म्हणणारेही आहेत. मला उलट वाटतं. दवाखान्यात कोण पाठांतरावर औषधाचा डोस लिहितं? फोन काढून बघतातच. आपल्याला कुठे शंका यायला हवी हे कळणं आणि पाच मिनिटांत विश्वासू जागी उत्तर शोधणं, हे रोजचं काम आहे. शिवाय ज्यावर आपण एकदा चुकलो आणि लगेच दुरुस्त झालो ती गोष्ट लक्षात राहते. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून शिकलेलं अधिक टिकतं, हे मानसशास्त्रात प्रयोगांनी वारंवार दिसलंय. म्हणजे मोजपट्टी म्हणून आणलेली परीक्षा हळूहळू शिकवणी झाली, आणि शिकवणीविरुद्ध फारसं कुणी मोर्चा काढत नाही.

तरी परवान्याची गाठ तशीच आहे. पेपर सोपा, सोयीचा, सुसह्य झाला म्हणून खासगी संस्थेच्या कागदावर सरकारी परवाना टांगणं बरोबर ठरत नाही. नर्स प्रॅक्टिशनरला एक न्याय आणि पीएला दुसरा, हेही जागच्या जागी आहे. माझं मत विचाराल तर सगळ्या शाखांचे प्रश्न ठेवा, पुस्तक उघडू द्या, तिमाही चालू द्या. पण नापास झाला म्हणून कुणाच्या परवान्याला राज्याने हात लावू नये. ज्याला शाखा बदलायची आहे त्याच्याकडे नव्या नोकरीवाल्याने 'सी' खुशाल मागावा. ताईला हे पटत नाही. ती म्हणते, परवान्याचा धाक नसता तर मी रविवारी सकाळी इथे बसलेच नसते.

त्या दिवशी पोहे झाले तरी तिचे सहा प्रश्न उरले होते. एकावर ती जरा जास्तच वेळ अडली, मग दुसऱ्या टॅबमध्ये काहीतरी शोधलं, वाचलं, टिचकी मारली आणि "अरेच्चा," म्हणाली. काय ते विचारायची सोय नव्हती. मामीने बशी लॅपटॉपशेजारी ठेवली आणि लिंबाची फोड तिच्या हाताला लागेल अशी सरकवली. "यातलं काही चुकलं तर?"

"चुकलंच आता एक," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी नाही चुकणार." आणि पुढचा प्रश्न उघडला. घड्याळ परत पाचपासून सुरू झालं.